सावलीघड्याळाची चावी

सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं काढली आणि या सव्वीस वर्षांत माझ्या एकाही पत्रामुळे कुठेही काहीही घडलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. हसू नका. याला अक्कल लागते. काहीतरी घडवायला काय, कोणीही उठतो आणि घडवतो. पण रोज आठ-दहा पत्रं लिहायची, त्यांच्यावर जावक क्रमांक टाकायचे आणि तरी जग जिथल्या तिथे ठेवायचं, ही साधना आहे. गुपित सांगून टाकतो. पत्राच्या शेवटी 'अवलोकनार्थ सादर' लिहावं. फारच अंगावर आलं तर 'मत अपेक्षित' लिहावं. मत कोणी देत नाही. मत दिलं की खाली सही करावी लागते.

आमचे वडील मागावर बसायचे. ते म्हणायचे, एक धागा जोडताना चार तोडू नये. मी माग सोडून कारकुनीत आलो, पण शिकवण तीच धरून बसलो.

ती मी एकदाच मोडली. १९७४ च्या एप्रिलमध्ये. अजून दमतोय.

मी, जागेश्वर पराते, नागपूरच्या कर्नलबागेच्या ऑफिसात बडेबाबू. बाग इंग्रजाच्या वेळची. कोण्या एका कर्नलला विलायतेची आठवण यायला लागली, तेव्हा त्याने नागपूरच्या उन्हात विलायत उगवायचं ठरवलं. १८८७ साली त्याने लोखंडी कुंपण बोटीने आणवलं, हिरवळ लावली, ती वाळली, पुन्हा लावली, पुन्हा वाळली, आणि मग तो स्वतःच विलायतेला निघून गेला. त्याच्यामागे उरला तो आठ खांबांचा बँडस्टँड. तिथे पूर्वी शनिवारी गोऱ्यांचा बँड वाजायचा, आता दुपारी पत्त्यांचा डाव पडतो. राणीच्या पुतळ्याचा चौथरा आहे. राणी गेली, पण चौथऱ्यावर चढून फोटो काढणारे काही गेले नाहीत. दोन तोफा आहेत, त्यांच्या तोंडात चिमण्या राहतात. हरणं आहेत. अस्वलाचा पिंजरा आहे. अस्वल एकसष्ट साली वारलं, तरी आमच्या जंगम मालमत्तेच्या वहीत 'अस्वल, एक (मृत)' ही नोंद दरवर्षी पुढे ओढली जाते, आणि पिंजऱ्याला कुलूप तसंच आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं तेव्हा या बागेत साहेबलोकांच्या मोटारींची रांग लागायची. मग राजधानी गेली. बागेला जाता येत नव्हतं म्हणून ती राहिली.

आणि बागेच्या मधोमध सावलीघड्याळ. छातीएवढा दगडी खांब, वर पितळेची तबकडी, तबकडीवर रोमन आकडे आणि मधोमध उभा एक तिरपा पितळी पत्रा. त्याची सावली ज्या आकड्यावर पडेल तितके वाजले. बागेत येणारा प्रत्येक माणूस आधी त्या सावलीकडे पाहतो, मग आपल्या मनगटाकडे पाहतो आणि म्हणतो, 'मागे आहे.' ते मागेच असतं. आपल्या हातावरचं घड्याळ चालतं तिकडे मिर्झापूरच्या सूर्यावर, साऱ्या देशाची वेळ तिथून ठरते, आणि बागेतला सूर्य नागपूरचा. तो तिथून इथवर यायला सरासरी चौदा मिनिटं घेतो. कधी कमी, कधी जास्त. ते का, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती, कारण मला ती चौदा मिनिटं प्रिय होती. आमचं ऑफिस साडेदहाचं. मी सायकल हातात धरून खांबापाशी थांबायचो, सावली साडेदहावर आली की आत शिरायचो. कोणी काही म्हटलंच तर बाहेर बोट दाखवायचो. बागेचं घड्याळ बागेच्याच नोकराने पाळलं नाही तर कोणी पाळायचं?

आता वामनराव. हे रामदासपेठेत राहत, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. रिटायर झाल्यावर दाखवायला काही उरलं नाही, म्हणून ते लोकांना त्यांच्या चुका दाखवायला लागले. रोज फिरायला येत, साखळीचं घड्याळ काढून सावलीशी ताडून बघत आणि माझ्या टेबलापुढे उभे राहत. मी त्यांना मिर्झापूर समजावलं. एकदा नाही, चारदा. ते शांतपणे म्हणाले, "सूर्य लेट असेल तर तसं कारण लिहून द्या."

त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. खिडकीतली वाळ्याची ताटी सुकून काडी झाली होती आणि तिच्यावर पाणी मारणारा गोविंदा सुटीवर होता. वामनराव पाऊण तास उभे होते. बसा म्हटलं तर बसत नव्हते. गार्डला उभं राहायची सवय. शेवटी मी तक्रारवही ओढली आणि लिहिलं: 'बागेतील घड्याळ चौदा मिनिटे मागे आहे. दुरुस्ती व्हावी.' त्याची एक प्रत वरच्या ऑफिसला लावली. वामनराव समाधानाने गेले. मी टेबलावर डोकं टेकलं.

एका ओळीत मी दोन चुका केल्या होत्या. 'सावलीघड्याळ' लिहायच्या जागी 'घड्याळ' लिहिलं. आणि 'व्हावी' लिहिलं. हे क्रियापद मी सव्वीस वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं! माझ्या पत्राला उत्तर येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पाकीट उघडण्याआधी मी पत्ता दोनदा तपासला. आत एकच प्रश्न होता: 'सदर घड्याळास चावी कोण देतो?'

मी लिहिलं, 'चावी दिली जात नाही.' त्यावर विचारणा, 'केव्हापासून दिली जात नाही?' मी खरं तेच लिहिलं, 'स्थापनेपासून.' मला वाटलं, आता तरी ध्यानात येईल. त्यांनी हिशेब केला. सत्त्याऐंशी वर्षं बागेतल्या कोणीही घड्याळाला चावी दिलेली नाही, अशी ती बाब 'गंभीर' या शेऱ्यानिशी परत आली.

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, सरळ लिहून का टाकत नाहीस? लिहिलं की. स्पष्ट लिहिलं: 'सदर घड्याळ सावलीचे आहे.' त्याला उत्तर आलं, 'घड्याळ सावलीत असणे योग्यच आहे. उन्हाने यंत्र बिघडते.'

मग त्यांनी माणूस पाठवला. इतवारीतले ईश्वरदास घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून आले. खांबाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, दगडाला कान लावला, बोटाने ठोकून पाहिलं. मग भिंग काढून माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "बाबूजी, इसमें तो कुछ हैच नहीं." मी म्हटलं, तेच तर मी म्हणतोय, तेच लिहून द्या. त्यांच्याजवळ छापील फॉर्म होता. 'यंत्राची स्थिती' या रकान्यात तीनच पर्याय होते: चालू, बंद, आढळले नाही. ईश्वरदास सच्चे माणूस. त्यांनी 'आढळले नाही'वर खूण केली.

जुलैत ज्ञापन आलं. घड्याळ आहे, यंत्र नाही, अर्थात यंत्र चोरीस गेलं आहे. बागेतील सर्व उघड्यावरील मालमत्ता हेडमाळ्याच्या ताब्यात असते, सबब घड्याळाचं यंत्र व चावी हेडमाळी नत्थूजी यांनी हजर करावी. तोपर्यंत त्यांचे सेवानिवृत्तीचे कागद रोखून ठेवावेत.

ते मी दोनदा वाचलं. इथवर सगळी गंमत होती. माझा वैताग होता, पण माझ्यापुरता होता. नत्थूजींची निवृत्ती एकतीस ऑगस्टला होती.

नत्थूजी कुही गावाकडचे. अडतीस साली बागेत लागले. माझ्या आधी दहा वर्षं. कर्नलची वाळकी हिरवळ ज्यांनी शेवटी जगवली ते हे. अस्वल मेलं तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. गावी धानाची शेती होती, भाऊ करत होता, आणि गेलं वर्षभर नत्थूजी दुसरं काही बोलतच नव्हते. एकतीस ऑगस्टला कागद घेईन, एक तारखेला बांधावर उभा राहीन. मला ज्ञापन वाचून दाखवणं भाग होतं. ते टोपी हातात घेऊन ऐकत होते.

"म्या काय चोरलं म्हन्तेत, बाबूजी?"

"यंत्र."

"कायचं?"

"घड्याळाचं."

"त्या दगडाले यंत्र होतं?"

"नव्हतं."

"मंग?"

मी ज्ञापनाची घडी घातली. नत्थूजींनी खिडकीतून खांबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "छत्तीस वर्सं झाली जी. एक फूल घरी नाही नेलं. आता गावात लोकं पुसतीन, कागद काहून नाही आले. काय सांगू? चोर म्हनून जाऊ काय कुहीले?"

हे पत्र कोणी लिहिलं, सुरुवात कुठून झाली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून बसलो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज.

घरी बायकोला, कुसुमावतीला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "सव्वीस वर्सं काही नाही लिहिलं, तेच बरं होतं. आता लिहिलं ना, तर तुमीच निस्तरा."

निस्तरायचं तर पुरावा पाहिजे. यंत्र चोरीला गेलेलं नाही, कारण ते कधी नव्हतंच, हे सिद्ध करायचं. जे नव्हतं ते नव्हतं हे कागदावर कुठे सापडतं? मी गोदामात उतरलो. कर्नलच्या वेळची इंग्रजी स्टॉकबुकं वाळवीने अर्धीअधिक खाल्ली होती. आठ दिवस मी त्यांत बसून होतो. बागेचा सारा इतिहास शिंकत शिंकत वाचला. बँडस्टँडचे खांब कुठून आले, गुलाबाची कलमं किती मेली, तोफा कोणी दिल्या आणि परत का मागितल्या नाहीत. या इतिहासाचं मला एरवी कधी काही वाटलं नव्हतं. आता एका एका पानापुढे हात जोडत होतो. आणि नोंद सापडली! १८८७, पान बेचाळीस, चार शब्दांत: डायल, पितळी, नोमॉनसह, एक. नोमॉन म्हणजे तो तिरपा पत्रा. इंग्रजीत त्याच्या आधी एक 'जी' असतो, तो म्हणायचा नसतो, हे वामनरावांनी सांगितलं. त्यांनाही आता वाईट वाटत होतं, पण चौदा मिनिटांबद्दलचं त्यांचं मत कायम होतं.

ही नोंद मी मराठीत उतरवून यमुताईंकडे टाइप करायला दिली. यमुताई आमच्या टायपिस्ट. चांगल्या बाई, हात झरझर चालायचा. पण ऑफिसच्या मशीनवरची अर्धचंद्राची कळ तीन वर्षांपासून तुटलेली होती. त्यामुळे आमच्या पत्रांत 'डॉक्टर'चा 'डाक्टर' व्हायचा आणि 'ऑफिस'चं 'आफिस'. नागपुरात लोक बोलतातही तसंच, म्हणून कोणाच्या कधी लक्षात आलं नाही. पत्र गेलं ते असं: 'सन १८८७ च्या नोंदीप्रमाणे बागेत पितळी डायल, सोबत नोमान, एक, इतकेच होते.'

आठवड्याने उत्तर. 'नोमान हा इसम कोण? घड्याळास चावी देण्याचे काम त्याच्याकडे होते काय? तो सध्या कोठे आहे? मयत असल्यास वारसांचा शोध घ्यावा.'

मी खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत राहिलो. पंखा फिरत होता. तो तरी बरा, त्याला कोणी का फिरतोस म्हणून विचारत नाही. ऑगस्टचा दुसरा आठवडा उलटला होता. मी लिहिलं, 'नोमान हा इसम नसून पितळी पत्रा आहे.' मग वाटलं, याच्यावर आणखी काही विचारतील. नत्थूजींकडे दिवस थोडे उरले होते. म्हणून तो कागद फाडला आणि थकलेला माणूस जसं लिहितो तसं एका ओळीत लिहिलं: 'नोमान १८८७ पासून जागेवर हजर आहे. समक्ष पाहणी व्हावी.'

पुन्हा 'व्हावी'. माणूस बिघडला की बिघडतच जातो.

एकोणतीस ऑगस्टला, सकाळी साडेदहाला, वरचे साहेब स्वतः पाहणीला येणार, असं पत्र आलं. खाली टीप होती, 'नोमान यास हजर ठेवावे.'

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. सकाळपासून सूर्याचा पत्ता नाही. साडेदहाचे साहेब अकराला जीपमधून उतरले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, काखेत आमची फाईल. ती एव्हाना एकसष्ट पानांची झाली होती. खांबापाशी मी, माझ्यामागे नत्थूजी, आणि आमंत्रण नसताना वामनराव, हातात साखळीचं घड्याळ. साहेबांनी तबकडीत पाहिलं. सावली नव्हती. ते म्हणाले, हे तर बंद आहे. मी म्हटलं, साहेब, ऊन नाही. ते म्हणाले, नोमान कुठे आहे? मी बोट दाखवलं.

साहेबांनी तिरप्या पत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पत्र्याकडे. फाईल उघडून त्यांनी पान सत्तावन्न, म्हणजे माझं ते एका ओळीचं पत्र, वाचलं, चष्मा काढून पुसला, परत लावला. एक चिमणी येऊन नोमानवर बसली आणि उडून गेली.

साहेबांनी मला चार पावलं बाजूला नेलं. आवाज खाली आणला. साहेबी मराठी गळून पडली.

"परातेबाबू, मले समजलं. पन या फायलीले कसं समजवू? चोरी झाली यावर माह्यी सही आहे. तीन जागी आहे. काही सापडल्याशिवाय ही बंद होत नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं होती जी मी रोज आरशात बघतो. तेही 'अवलोकनार्थ'वालेच असावेत. माझ्यामुळे उठावं लागलं होतं बिचाऱ्यांना.

आम्ही परत फिरलो तर नत्थूजी आभाळाकडे पाहून राहिले होते. पश्चिमेकडून वारा सुटला होता. त्यांनी सावकाश कमरेच्या करदोट्याला हात घातला आणि एक वीतभर लांब, गंजलेली लोखंडी चावी काढली. ती मी ओळखली. अस्वलाच्या पिंजऱ्याची. तेरा वर्षं ती त्यांच्या कमरेला होती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"चावी मागितली होती ना साहेबांनं," ते म्हणाले. "हे घ्या. चावी आहे."

कर्नलच्या नावाची पाटी कधी काळी त्या खांबावर ठोकलेली होती. पाटी गेली, खिळ्याचं भोक राहिलं. नत्थूजींनी त्या भोकात चावी घातली. एकदा आभाळाकडे पाहिलं. एक पीळ दिला. थांबले. पुन्हा आभाळाकडे पाहिलं. दुसरा पीळ. वामनराव काही बोलायला लागले, तर नत्थूजींनी डावा हात वर केला आणि आयुष्यभर झेंडी दाखवलेला माणूस तो हात बघून गप्प झाला. मग नत्थूजींनी तिसरा पीळ दिला, अगदी हळू, आणि ढग फाटला.

ऊन असं धो धो पडलं की डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा तबकडीवर नोमानची सावली पडली होती. काळी, ठसठशीत, सव्वाअकराच्या रेघेवर.

ज्या घराने चाळीस हंगाम धान पेरलं आणि कापलं त्या घरचा माणूस. ढग केव्हा हलतो हे त्याला नाही कळणार तर कोणाला कळणार? हे मला कळलं होतं, साहेबांना कळलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

साहेबांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होतो. 'हेडमाळी यांनी चावी हजर केली. समक्ष चावी दिली असता घड्याळ तत्काळ चालू झाले. अर्थात यंत्र आत आहे. चोरी झालेली नाही. हेडमाळी यांचे कागद मोकळे करावेत.' सही केली. मोठी, सुटसुटीत सही.

तेवढ्यात वामनराव घसा खाकरून म्हणाले, "साहेब, साडेअकराला एक मिनिट कमी आहे. घड्याळ चौदा मिनिटं मागे आहे."

साहेबांनी आधी वामनरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्या पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी लिहिल्या. तेव्हा त्या मी वाचल्या नाहीत. मी नत्थूजींचा हात धरून उभा होतो.

एकतीस तारखेला नत्थूजींना कागद मिळाले. यमुताईंनी हार केला होता, बागेतल्याच फुलांचा. नत्थूजींनी तो गळ्यात घालून घेतला, पण बस स्टँडवर निघताना काढून माझ्या टेबलावर ठेवला. एक फूल घरी नेलं नाही म्हणजे नाही. मी त्यांना कुहीच्या बसपर्यंत सोडायला गेलो. एक ट्रंक, एक छत्री आणि कागदांची पिशवी, ती छातीशी. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, नत्थूजी, ते पहिलं पत्र मीच लिहिलं होतं.

"मले माईत आहे जी," ते म्हणाले. "तुमी वही उघडली तवा म्या खिडकीपाशीच तर होतो." मग चावी माझ्या हातात ठेवली आणि बसमध्ये चढले. बस निघाल्यावर खिडकीतून डोकं काढून ओरडले, "बाबूजी! दसऱ्यापर्यंत चिंता नाही! माघात सांभाळा!"

काय सांभाळा, ते मला कळलं नाही. माघात थंडी असते, तब्येतीचं म्हणत असतील, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या त्या शेवटच्या दोन ओळी आदेश होऊन आल्या. 'घड्याळास दररोज चावी देण्यात यावी. चावीवाला नेमेपर्यंत हा अतिरिक्त कार्यभार बडेबाबू श्री. पराते यांच्याकडे राहील. वेळ सकाळी साडेदहा. तशी नोंद वहीत घ्यावी.'

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला, हातावरच्या साडेदहाला, मी खांबापाशी उभा असतो. समोर वामनराव साखळीचं घड्याळ धरून. भोकात अस्वलाची चावी घालायची, तीन पीळ द्यायचे आणि वहीत लिहायचं: 'चावी दिली.' ढगाळ दिवशी 'चावी दिली, बंद आहे.' माझी चौदा मिनिटं गेली ती गेलीच. बागेत येणारे लोक गोळा होऊन बघतात. परवा एका बापाने पोराला माझ्याकडे बोट करून सांगितलेलं मी ऐकलं, ते पाह्य, घड्याळवाले. आधी तोफा, मग हरणं, मग मी. बागेच्या प्रेक्षणीय गोष्टींत माझी भर पडली.

आता ऐका. सप्टेंबरात ते चौदाचं दहावर आलं. मग सातवर. दसऱ्याच्या सुमाराला एके दिवशी सावली आणि वामनरावांचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळलं. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वामनरावांचे डोळे पाणावले. त्यांनी तक्रारवहीतच कौतुक लिहिलं: 'श्री. पराते यांच्या नियमित चावीमुळे घड्याळ सुधारले.' वरून शाबासकीचं पत्र आलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं. कुसुमावतीने ते देवाजवळ ठेवलं. आणि खरं सांगू, महिनाभर मला पण वाटायला लागलं की काहीतरी आहे बुवा माझ्या हातात.

मग दिवाळी झाली. मग मार्गशीर्ष. सावली पुन्हा रेंगाळायला लागली. मी तीनाचे चार पीळ केले. चाराचे सहा केले. जानेवारीत मागे पडता पडता ती वीसच्या पार गेली, आणि माघात अठ्ठावीस मिनिटांवर येऊन बसली. तेव्हा मला कुहीच्या बसची खिडकी आठवली. छत्तीस वर्षं त्या खांबाभोवती गवत कापणाऱ्या माणसाला सूर्याची चाल पाठ होती. मी त्याचं सांगणं थंडीचं समजलो होतो.

काल नोटीस आली. 'घड्याळ अठ्ठावीस मिनिटे मागे पडले आहे. चावी देण्यात हयगय झाल्याचे दिसते. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

खुलासा लिहायला सकाळपासून बसलो आहे. आधी लिहिलं, 'चावी रोज नियमाने दिली जाते, परंतु सूर्य ऐकत नाही.' यमुताईंकडे द्यायला उठलोही होतो. मग परत बसलो आणि ती ओळ खोडली. सूर्य हा इसम कोण, तो सध्या कोणाच्या ताब्यात आहे, असं विचारतील आणि हजर ठेवा म्हणतील.